संथ चालविण्याची विद्या

दुचाकी वाहन वेगाने हाकणे सोपे आणि सावकाश हाकणे अवघड, हे विधान प्रथमदर्शनी उलटे वाटण्याचा संभव आहे. आमच्या तरुण वाचकांपैकी काहीजण ते वाचून हसतीलही. परंतु शाळांच्या क्रीडासप्ताहात मंद सायकलींची शर्यत लावण्याची जी जुनी पद्धत आहे, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. त्या शर्यतीत जो सर्वांच्या मागून पोहोचतो तो पहिला. ज्याचा पाय जमिनीला लागला तो बाद. एरवी वाऱ्यासारखी सायकल पिटाळणारे भलेभले गडी पहिल्या दहा हातांतच हँडल डावीउजवीकडे फेकीत आडवे होतात. आणि दुधाचे कॅन लटकावून रोज गल्लीबोळांतून फिरणारा एखादा मुलगा सुखाने शेवटच्या रेषेपर्यंत जातो. प्रेक्षक या शर्यतीकडे केवळ करमणूक म्हणून पाहतात. आमच्या मते क्रीडांगणावरील ती एक अत्यंत उपयुक्त परीक्षा आहे. आणि मोटारसायकल नव्याने हाती घेणाऱ्या प्रत्येकाने तशीच परीक्षा त्या यंत्रावर दिल्याखेरीज बाजारपेठेत पाऊल, किंबहुना चाक, टाकू नये, असे आमचे प्रांजळ मत आहे.

धावती दुचाकी उभी का राहते, हा प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनाही चकविणारा ठरला आहे. फिरत्या चाकाच्या अंगी भोवऱ्यासारखा जो गुण असतो त्यामुळेच ती उभी राहते, अशी पुष्कळ दिवस समजूत होती. डेव्हिड जोन्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने मुद्दाम चालविता येऊ नये अशी सायकल तयार करण्याचा खटाटोप केला. पुढील चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक बसवून त्याने भोवऱ्याचा तो गुण नाहीसा केला. तरी सायकल चालविता आलीच. त्याचा हा मौजेचा लेख १९७० साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली हॉलंडमधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांनी असे दाखविले की, तो गुण नसतानाही सायकल आपला तोल आपण सांभाळू शकते. या सर्व खटपटीतून सामान्य स्वाराने घ्यावयाचे ते एवढेच: गाडी ज्या बाजूस कलते त्या बाजूस पुढचे चाक वळले की चाके पुन्हा भाराखाली येतात आणि तोल सावरतो. गाडी वेगात असली म्हणजे हे काम ती बरेचसे आपण होऊन करते. वेग गेला की ते सारे स्वाराच्या हातांवर, नजरेवर आणि धीरावर येऊन पडते. म्हणून सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मुलाने 'मला गाडी येते' असे म्हणावे यात अर्थ थोडा. त्या वेळी गाडीलाच तो येत असतो, असे म्हटले तर अधिक खरे होईल!

घोडा शिकविणारे प्रथम त्याला कदम चाल शिकवीत, नंतर दुडकी, आणि सर्वांच्या शेवटी भरधाव. यांत्रिक घोड्याच्या वाट्याला मात्र नेमका याच्या उलट क्रम आलेला आहे.

आपल्या बुऱ्हाणपुरातील रीत पाहा. मुलगा मोठा झाला, घरात गाडी आली किंवा वडिलांची जुनी गाडी त्याच्या वाट्यास आली, की कोणीतरी मामा अथवा शेजारचा दादा त्याला भल्या सकाळी गावाबाहेर मोकळ्या रस्त्यावर घेऊन जातो. तेथे सरळ सडक, दोन्ही बाजूंस केळीच्या बागा, समोर चिटपाखरू नाही. दोनतीन वेळा गाडी धक्के खात बंद पडते. मग एकदाची चालू लागते. पहिला, दुसरा, तिसरा गिअर पडतो. वारा कानांत शिरतो आणि शिक्षण पूर्ण होते. परतताना दादा मागे बसतो आणि शिष्य त्यास घरापर्यंत आणतो. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आजीला मागे बसवून शनवाऱ्याच्या बाजूने बाजारात निघतो. या दोन दिवसांत जे त्याला शिकविले गेले आणि जे त्याला आता करावे लागणार, त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

कारण आपले हे शहर वेगासाठी वसविलेलेच नाही. तापीकाठच्या या वस्तीभोवतीचा विटांचा तट निजाम-उल-मुल्क आसफजाहाने १७३१ साली उभारला. त्याच्या दरवाजांतून हत्ती जावेत, पालख्या जाव्यात, घोडेस्वार जावेत, हा त्या काळचा हिशेब होता. त्याच अरुंद वाटांतून आज ऑटोरिक्षा, केळीचे घड लादलेली वाहने, यंत्रमागाच्या कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या गाड्या, हातगाडीवाले, मशिदीतून वा देवळातून बाहेर पडणारी माणसे, आणि सायंकाळी पाच वाजता आमच्यासारख्या शाळांतून सुटणारी शेकडो मुले, ही सर्व एकाच वेळी जात असतात. जामा मशिदीजवळच्या बाजारात सणासुदीच्या दिवशी ताशी १५ किलोमीटर वेगही राजेशाही म्हणावा लागेल. तात्पर्य, येथील स्वाराचे निम्मेअधिक आयुष्य पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये जाते. आणि नेमक्या त्याच दोन गिअरांचे शिक्षण त्यास कोणी देत नाही.

मग काय होते ते रोजच दिसते. समोर हातगाडी आडवी येते. मुलगा घाबरून खाली, गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहतो. दोन्ही पाय बदकासारखे बाहेर काढतो. उजव्या हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबतो, आणि त्या क्षणी हँडल वळलेले असते. वळलेल्या चाकावर पुढचा ब्रेक एकदम लागला म्हणजे गाडीचा सारा भार त्या वळलेल्या बाजूला कोसळतो. मग तो भार ढोपराच्या बळावर तोलून धरणे पैलवानासही शक्य नसते. शंभराहून अधिक किलोची गाडी आडवी होते. मुलगा बहुधा खरचटण्यावर सुटतो. परंतु मागे एका बाजूस दोन्ही पाय सोडून बसलेली आजी असते, तिच्या हातात भाजीची पिशवी असते, आणि तिला धरावयास काही नसते. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडणे ही गोष्ट वर्तमानपत्रात येत नाही. त्या घरातील माणसांना मात्र त्या दिवसापासून ती वर्षानुवर्षे पुरते. आणि मागून येणारे वाहन जर ट्रक असेल, तर त्याविषयी येथे न लिहिलेले बरे.

डबलसीटचा हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या घरांत मोटारसायकल ही एकट्या तरुणाची चैन क्वचितच असते. ती सबंध कुटुंबाची बैलगाडी असते. मागे आई, मधे धाकटे भावंड, हँडलला पिशवी. साडी नेसलेली स्त्री एका अंगाने बसली म्हणजे तिचा भार एका बाजूला जातो; वेगात हे जाणवत नाही, संथ चालीत मात्र हँडल सतत त्या बाजूस ओढ घेते. मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात जाऊ नये म्हणून मागील चाक निम्मे तरी झाकणारी जाळी, धरण्यासाठी मूठ, आणि पाय ठेवण्यासाठी आधार गाडीस असलाच पाहिजे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट सांगितले आहे. कित्येक हौशी तरुण गाडी 'देखणी' दिसावी म्हणून ती जाळी पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. ही हौस आईच्या पदराच्या जिवावर केलेली असते, एवढे त्यांच्या ध्यानी आणून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. ती फारशी गूढ नाही; एका मोकळ्या मैदानात, काही विटा आणि थोडा चुना एवढ्या सामग्रीवर तिचा अभ्यास होतो. पण अभ्यास म्हणजे अभ्यास. पाढ्यांप्रमाणे रोज आणि घोकून.

पहिला धडा क्लचचा. नवशिका क्लचकडे दरवाजा म्हणून पाहतो. एक तर उघडा, नाहीतर बंद. म्हणूनच त्याची गाडी उसळी मारते किंवा बंद पडते. क्लच हा खरे पाहता पाण्याचा नळ आहे. हवी तेवढीच धार सोडता येते. कारागीर मंडळी ज्याला 'हाफ क्लच' म्हणतात ती जागा, म्हणजे जेथे इंजिनाचा जोर चाकास किंचित लागू लागतो पण पुरता लागत नाही, ती बोटांना डोळे मिटून सापडली पाहिजे. यासाठी पहिले दोन दिवस गाडी पुढे न्यावयाचीच नाही: पहिला गिअर टाकावा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवावेत, क्लच हळूहळू सोडून गाडी हातभर पुढे येऊ द्यावी आणि पुन्हा दाबून थांबवावी. शंभर वेळा करावे. मुले याला कंटाळतात. बाराखडीलाही ती कंटाळत होती.

दुसरा धडा मागच्या ब्रेकचा. मूठ थोडीशी आणि एकसारखी पिळलेली ठेवून, क्लच अर्धवट धरून, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच दाबून ठेवावयाचा. इंजिन पुढे ओढते आणि ब्रेक मागे धरतो. या ओढाताणीत गाडी ताठ राहते, जशी दोन्ही टोकांनी ताणलेली दोरी. पुष्कळ स्वार हळू जावयाचे म्हणून मूठ पूर्ण सोडून देतात. मग गाडीचे बळ जाते आणि ती डुलू लागते. संथ चालीत पुढच्या ब्रेकला बोट लावू नये, असा आम्ही विद्यार्थ्याला सक्त नियम घालू. निदान हँडल वळलेले असताना तर मुळीच नाही. बिनगिअरच्या स्कूटरचे तंत्र निराळे आहे. तिला क्लच नसतो. म्हणून डाव्या हाताचा ब्रेक नाजूकपणे धरून उजव्या हाताने किंचित जोर द्यावयाचा. मात्र अलीकडच्या, १२५ सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरींत डाव्या मुठीचा ब्रेक दाबला की पुढचे चाकही थोडे धरले जाते, हे ठाऊक नसलेले फार आहेत. तेव्हा तेथे हात आणखी हलका पाहिजे.

तिसरी गोष्ट नजरेची, आणि तीत सर्वांत अधिक मुले नापास होतात. आपल्या प्रांतातील रस्त्यांवर 'नजर हटी, दुर्घटना घटी' अशी हिंदी पाटी जागोजागी लावलेली असते. ती लिहिणाऱ्याने कदाचित वेगाचा विचार केला असेल, पण संथ चालीला ती अक्षरशः लागू आहे. स्वार जेथे पाहतो तेथे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा हटकून खड्ड्यात पडतो. वळावयाचे असेल तर मान वळवून, हनुवटी खांद्यावर आणून, जेथे पोहोचावयाचे ती जागा पाहावी. पुढच्या चाकाला आपली वाट ठाऊक असते. अरुंद जागेत उलटे फिरताना गाडी आत कलू द्यावी, आणि आपण स्वतः मात्र बाहेरच्या अंगाला बसून तिचा भार तोलावा. भरधाव वळणावर अंग गाडीबरोबर कलते. येथे ते गाडीच्या विरुद्ध ठेवावयाचे असते. हे शब्दांत चमत्कारिक वाटते. विटांच्या दोन ओळींमधून चार वेळा फिरले की शरीराला ते कळते, आणि एकदा कळले की सहसा विसरत नाही.

पाय खाली सोडण्याच्या सवयीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. पाय बाहेर लोंबत असले म्हणजे आधार वाटतो, पण तो खोटा आधार आहे. लोंबते पाय असलेल्या स्वाराला मागचा ब्रेक दाबता येत नाही, गुडघ्यांनी टाकी आवळता येत नाही, आणि समोरच्या दगडाला पाऊल अडकले तर घोटा मुरगळतो. गाडी पूर्ण थांबली म्हणजे डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. एरवी दोन्ही पाय आपापल्या जागी.

परदेशांत या विद्येची कदर कशी आहे ते पाहण्यासारखे आहे. जपानात मोटारसायकलीचा परवाना मिळविणाऱ्यास 'इप्पोन-बाशी' नावाची परीक्षा द्यावी लागते. आपल्या कोकणात ओढ्यावर जो लाकडी साकव घालतात त्याचीच ही परिष्कृत आवृत्ती म्हणाना: १५ मीटर लांब, अवघी ३० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंच अशी पट्टी. तिच्यावरून गाडी न्यावयाची; पण लवकर नव्हे. ४०० सीसीपर्यंतच्या गाडीला ७ सेकंदांहून कमी वेळ लागला तर गुण जातात. त्याहून मोठ्या गाडीला १० सेकंद तरी लागलेच पाहिजेत. हिशेब करून पाहा: १५ मीटरला १० सेकंद म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरहून कमी, झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाएवढे. आणि खाली उतरला की नापास. इंग्लंडातही २००९ सालापासून स्वाराला रस्त्यावर जाण्यापूर्वी बंदिस्त मैदानात निराळी परीक्षा द्यावी लागते; तीत खांबांमधून नागमोडी जाणे, इंग्रजी आठाचा आकडा काढणे, माणसाच्या चालीने गाडी चालविणे, उलट वळण घेणे, हे सर्व असते. आपल्याकडेही परिवहन कार्यालयाच्या मैदानात आठाचा आकडा काढण्याची चाल आहेच. परंतु ती परीक्षा एकदा देऊन विसरून जावयाची, असा आपला परीक्षांविषयीचा एकंदर स्वभाव आहे. शिक्षक या नात्याने त्याचा आम्हांस पुरेसा परिचय आहे.

फार लांब जावयासही नको. आमचे मूळ घर गोव्याकडचे, आणि घरची भाषा कोंकणी. तिकडे भाड्याने प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकली असतात. त्यांचा पुढचा मडगार्ड पिवळा असतो आणि चालविणाऱ्याला लोक 'पायलट' म्हणतात. हे पायलट मागे अनोळखी माणूस, मांडीवर त्याची ट्रंक, अशा थाटात बाजाराच्या गर्दीतून जाताना आम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. ते कधी घाई करीत नाहीत, आणि पाय खाली टेकीत नाहीत. रायबंदराहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीवर दुचाक्या चढतात, तेव्हा तर ही कला पूर्णत्वाने दिसते. ओली, उतरती लोखंडी फळी. खाली नदीचे पाणी. पुढे आणि बाजूंना वीतभर अंतरावर दुसऱ्या गाड्या. मागे कोळीण पाटी घेऊन बसलेली. आणि प्रत्येकजण माणसाच्या चालीने, ब्रेक धरून, सरळ समोर पाहत आत येतो. तेथे वेगवान स्वाराची कोणी वाखाणणी करीत नाही. आमच्या घरातील वडील माणसे निघणाऱ्याला 'सवकास वच' म्हणत; मराठीतला 'सावकाश' तोच, पण आमच्या कानांना कोंकणीतला अधिक प्रेमळ वाटतो, हा अर्थात आमचा पक्षपात.

कोणी म्हणेल की, माणसे मरतात ती वेगाने. तुम्ही संथपणाचे पुराण कसले लावले आहे? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि बहुसंख्य मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग असल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. तेव्हा संथ चालविणे शिकलेला मुलगा इच्छापूरच्या मार्गावर वेग टाळीलच, अशी हमी आम्ही देत नाही. विद्या आणि विवेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परंतु आमचा अनुभव असा की, ज्याला गाडी हळू हाताळता येत नाही तो हळू जाण्याचे टाळतो. गर्दीत गाडी डुलू लागली की तो जोर देऊन निसटू पाहतो, फटीतून घुसतो, रिक्षाच्या डाव्या अंगाने शिरतो. कारण थांबत थांबत जाण्याची त्यास भीती वाटते. लोक त्याला उर्मट म्हणतात. पुष्कळदा तो निव्वळ अडाणी असतो. ज्याचे संथ चालीवर प्रभुत्व आहे त्याला थांबून राहणे जड जात नाही. तो म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू देतो, कारण पुन्हा निघणे त्याला सोपे असते. एवढा लाभ झाला तरी आमच्या गावाच्या दृष्टीने तो लहान नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा: अशाने क्लचप्लेटा झिजतील आणि पेट्रोल जाईल. आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तेलात बुडालेला असतो आणि अर्धा तास अशी कवायत तो सहज सोसतो. मात्र हवेने थंड होणारे इंजिन संथ चालीत तापते, म्हणून दहापंधरा मिनिटांनी गाडी बंद करून सावलीत उभी करावी. पेट्रोल जाईल हे खरे. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेशी त्याची तुलना पालकांनी स्वतःच करावी.

आता विद्यालयातील मुलांशी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. बाळांनो, हा लेख वाचून वडिलांची किल्ली मागावयास जाऊ नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटारसायकल चालविता येत नाही. पन्नास सीसीपर्यंतच्या लहान गाडीपुरती सोळा वर्षांची सवलत आहे, पण आज बाजारात दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटरी तीत बसत नाहीत. २०१९ साली कायद्यात जी सुधारणा झाली तिच्यानुसार अल्पवयी मुलाने अपराध केला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. तरीदेखील शिकवणीच्या वेळी वर्गांच्या दारांशी कोणत्या वयाची मुले कोणत्या गाड्या लावतात, ते आम्ही रोज पाहतो. त्या किल्ल्या मुलांनी चोरलेल्या नसतात. त्या कोणीतरी प्रेमाने हाती ठेवलेल्या असतात. म्हणून हा परिच्छेद आम्ही मुलांच्या नावे लिहीत असलो तरी तो पालकांनी दोनदा वाचावा.

विजेच्या हलक्या गाड्यांनी या बाबतीत नवीच पंचाईत केली आहे. ज्या गाडीची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, ती कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नव्हे. तिला परवाना लागत नाही. म्हणून ती निर्धास्तपणे मुलांच्या हाती दिली जाते. कायद्याने परवाना मागितला नाही म्हणजे तोलही मागितला नाही असे थोडेच आहे! उलट या गाड्यांना आवाज नसतो. पुढील माणसाला चाहूल लागत नाही. आणि मूठ पिळताच त्या एकदम पुढे सुटतात. सायकलीवर मंद चाल साधलेल्या मुलाला त्या लवकर वश होतात. म्हणूनच शाळेतील मुलामुलींसाठी सायकल हाच या विद्येचा पहिला वर्ग आहे, असे आम्ही म्हणतो. सायकल न शिकता थेट स्कूटरवर बसलेली पिढी आता दिसू लागली आहे, आणि तिचे हाल गल्लीच्या तोंडाशी पाहावयास मिळतात.

मुलींचा उल्लेख ओघाने आला म्हणून सांगतो. 'मोटारसायकल जड असते, मुलींना झेपायची नाही', हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांतूनही ऐकले आहे. गाडी उचलून कोणीच चालवीत नाही. नेहमीची शंभर सीसीची मोटारसायकल सुमारे ११० किलोची असते. चारपाच अंशांनी कलेपर्यंत ती दोन बोटांनी सावरता येते, आणि फार कलल्यावर बापयालाही सावरत नाही. तेव्हा प्रश्न दंडांच्या बळाचा नसून ती तेवढी कलूच न देण्याचा आहे; आणि तो प्रश्न क्लच, मागचा ब्रेक आणि नजर या तिघांनी सुटतो. गाडी स्टँडवर चढविणे, पडलेली गाडी पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर उभी करणे, बंद गाडी ढकलीत वळविणे, हे मुलींना मुलांइतकेच शिकविले पाहिजे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने नोकरीसाठी रोज बसची वाट पाहण्यात दोन वर्षे घालविली. गाडी घरात उभी होती, भावाची.

यास्तव आमची एक सूचना आहे. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून पक्क्या परवान्याच्या परीक्षेपर्यंत कायद्याने किमान तीस दिवस जावे लागतात. हे तीस दिवस आज निव्वळ वाट पाहण्यात जातात. त्या काळात आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि शिकाऊ परवाना घेतलेल्या मुलामुलींसाठी शाळेचे मैदान रविवारी सकाळी दोन तास उघडे ठेवावे. फाटक बंद असावे, गावातील एखादा वयस्क व जुना परवानाधारक स्वार देखरेखीस असावा, आणि मागे कोणी बसू नये. हेल्मेट, बूट आणि लांब बाह्यांचा सदरा याशिवाय कोणास आत घेऊ नये; संथ पडण्यानेही डोके दगडावर आपटते. मैदानात चुन्याने तीन आकृत्या आखाव्यात: १५ मीटरची साकवासारखी अरुंद पट्टी, आठाचा मोठा आकडा, आणि अरुंद बोळाएवढ्या रुंदीची एक चौकट, जिच्यात पाय न टेकता गाडी उलट फिरवावयाची. पहिल्या रविवारी चौकट वीस फुटांची ठेवावी आणि जसजसा हात बसेल तसतशी ती आकुंचित करीत न्यावी. शेवटच्या रविवारी मागे वाळूची पोती बांधून तोच अभ्यास करवावा. म्हणजे आजीला बसविण्यापूर्वी आजीचे वजन कळेल.

यास खर्च म्हणण्यासारखा काही नाही. चुना आणि फीत शाळेच्या क्रीडासाहित्यात आहे. विटांच्या ऐवजी जुने टायर मिळाले तर ते अधिक बरे, कारण त्यांवर पडले तरी लागत नाही. मैदानाच्या पूर्वेकडील खडी मात्र आधी काढून घ्यावी लागेल. नवशिक्यासाठी तिच्यासारखा शत्रू नाही. देखरेखीसाठी दोन माजी विद्यार्थ्यांनी आपण होऊन नावे दिली आहेत. आणखी दोघे मिळाले तर पाळ्या लावता येतील. येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेवर ही सूचना घालण्याची विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केलेली आहे, आणि ज्या पालकांची मुले यंदा अठरा वर्षांची होत आहेत त्यांनी त्या दिवशी अगत्य यावे.